दळण होईपर्यंत

चैत्र सरत आला की आमच्या वाचनालयात पुस्तकांपेक्षा पेंढ्याचा वास जास्त येतो. शेजारपाजारचे बागायतदार आंब्याच्या पेट्या भरायला आमची ओटी वापरतात. विचारत बिचारत कोणी नाही. "बाई, तुमच्याकडं सावली हाय," एवढं म्हटलं की झाली परवानगी. मग दीड-दोन महिने ओटीवर पेट्या, पेंढा, रद्दीचे कपटे, आणि आत मी. बाहेर पडायचं तर पेट्यांवरून पाय टाकून, साडी सावरत. त्या दिवसांत वाचक फिरकतच नाहीत, त्यामुळे तक्रार तरी कोण करणार!

यंदाही पेट्या लागल्या. काल कुलूप काढताना तो वास नाकात शिरला आणि मला तो एक वैशाख आठवला. आठवला म्हणजे काय, दरवर्षी आठवतो. मी दरवर्षी तो झटकते, फडकं घेऊन कपाटं पुसायला लागते. यंदा म्हटलं, बस, लिहूनच काढावा.

आमची खोली तशी ऐसपैस, पण खिडकी एकच. आणि त्या खिडकीपुढे एका दात्याने दिलेलं लोखंडी कपाट उभं आहे. ते हलवायचं नाही, असा समितीचा ठराव आहे! खरंच आहे, हसू नका, इतिवृत्तात लिहिलेला आहे. दात्याचं नाव दारातून दिसलं पाहिजे ना. त्यामुळे वारा कपाटाच्या पाठीवर आपटतो आणि परत जातो. खिडकीपलीकडून पूर्वी समुद्राकडे जायची पायवाट होती. आता तिथे बंगल्यांच्या भिंती आहेत, काचा लावलेल्या. समुद्र इथून चार मिनिटांवर आहे आणि मी तो महिनोन्महिने बघत नाही.

या खुर्चीत मी सहा महिन्यांसाठी बसले होते. आधीचे ग्रंथपाल आजारी पडले. नाना, म्हणजे आमचे अध्यक्ष, घरी येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही घाटावरच्या, शिकलेल्या. कायमचा माणूस मिळेस्तोवर बसा." त्याला चोवीस वर्षं झाली. कायमचा माणूस काही मिळाला नाही. मध्ये मुलाने पुण्याला बोलावलं, तेव्हा यजमानांना हवा मानवेना. एकदा अलिबागला चांगली जागा निघाली होती, तेव्हा नाना म्हणाले, "तुम्ही गेलात तर हे बंद पडेल हो." आणि मी थांबले. माहेरी मी 'कोकणातली', इथे अजूनही 'घाटावरची'. ना घरची ना घाटाची म्हणतात ते हेच.

तसं बघायला गेलं तर हे वाचनालय माझ्यासारख्यांचंच. स्थापनेच्या पाटीवर सात नावं आहेत, त्यात गावातलं आडनाव एकही नाही. बदली होऊन आलेले एक मास्तर, एक तलाठी, पोस्टमास्तर, दवाखान्यातला कंपाउंडर, अशी सगळी बाहेरून येऊन पडलेली माणसं. मास्तरांना म्हणे पेपरावाचून जेवण जायचं नाही. पेपर मुंबईहून लाँचने यायचा, दुसऱ्या दिवशी, कधी भिजलेला. ही सात माणसं तो कंदिलाच्या काचेजवळ धरून वाळवायची आणि आळीपाळीने वाचायची. गावातले लोक हसायचे. म्हणायचे, ती परक्यांची लायब्री. म्हातारी माणसं अजून तसंच म्हणतात.

मग जवळच एका कंपनीचा कारखाना उभा राहिला, त्याच्या बांधकामावर तेलुगू लोक आले. दहा-बारा वर्षं राहिले असतील. त्यांनी वर्गणी काढून आपली पुस्तकं आणवली. काम संपलं, ती माणसं गेली, पुस्तकं राहिली. भिंतीकडच्या कपाटात सबंध एक खण भरून आहेत. मी ती पुसून पुन्हा लावते. एकदा कोणीसा गवंडी आत आला, खणाकडे बघितलं आणि पोट धरून हसायला लागला. मी ती सगळी उलटी लावली होती! वर्षभर ती डोक्यावर उभी होती, आणि मला पत्ता नाही. त्यांच्यानंतर उत्तरेकडचे सुतार आले, कर्नाटकातले लमाण आले. आमची पोरं ट्रक घेऊन देशभर फिरायला लागली, काही आखातात गेली, आणि इथे वाचायला यायची ती बाहेरचीच माणसं. आता बंगले झाले आणि बंगले राखायला नेपाळी जोडपी आली.

मनमाया त्यांतली. आमच्या मागच्या आळीत एक मोठा बंगला आहे. तिचा नवरा भीम तिथला वॉचमन. ही झाडलोट, स्वयंपाक, बाग, सगळं करायची. तिशी-बत्तिशीची असेल, ठेंगणी, गालावर तीळ. फाल्गुनातल्या एका बुधवारी दुपारी दारात येऊन उभी राहिली आणि पाटीवरची अक्षरं मोठ्याने वाचायला लागली. घडाघडा. मी चकितच झाले.

"अगं बाई, मराठी येतं तुला?"

"वाचायला येतं, दिदी. कळत नाय," ती म्हणाली. "आमचे अक्षर पण हेच हाय."

मला हसू आलं, मग लक्षात आलं. सगळ्या गावातल्या पाट्या तिला वाचता यायच्या आणि एकीचाही अर्थ लागायचा नाही.

मी तिला सभासद होण्याचा फॉर्म दिला. तो फॉर्म माझ्याकडे अजून आहे. आपल्या पद्धतीने त्यावर छापलेलं आहे, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. तिने जीभ दातात धरून तो भरला आणि परत दिला. मुक्काम : वैशाखापर्यंत. पोस्ट : वॉचमनची बायको.

मी इतकी हसले की रस्त्यावरून जाणारे आत डोकावले. तीही हसली, न कळून. तिचं काय चुकलं? गावात जो तो तिला विचारायचा, "किती दिवस मुक्काम?" तिने उत्तर लिहिलं. हसू ओसरल्यावर मात्र ते माझ्या मनात घोळत राहिलं. जन्मभर एका गावात काढतो आपण, चार पिढ्या काढतो, आणि पत्ता लिहिताना सुरुवात करतो मुक्कामापासून. मी तो फॉर्म बदलून घेतला नाही. तसाच फाइलला लावला.

फॉर्मवर स्थानिक माणसाची ओळख लागते. मी सही केली असती, पण ग्रंथपालाची चालत नाही. तेव्हा शेजारच्या गिरणीतला महादू पिठाने पांढऱ्या हातांनी आला आणि म्हणाला, "आना इकडं. मी वळखतो ना वहिनीला. माझ्याकडचं पीठ नेतात." केली सही. फॉर्मवर त्याच्या अंगठ्याएवढा पिठाचा डाग पडला.

आमची भिंत आणि गिरणीची भिंत एकच आहे. गिरणी सुरू झाली की माझ्या टेबलावरची पेन्सिल चालायला लागते. मनमायाचं वाचन या गिरणीवर चालायचं. बंगल्याच्या मॅडमना गावच्या गिरणीतलं तांदळाचं आणि नाचणीचं पीठ मुंबईला न्यायला आवडायचं. म्हणून दर बुधवारी दळण. फाटकावर कॅमेरा होता, मॅडम मुंबईत बसून मोबाईलवर बघायच्या. मनमाया डबा घेऊन बाहेर पडली की त्यांना दिसायची, परत आली की दिसायची. मधला वेळ तेवढा तिचा, दळण होईपर्यंतचा. महादू तिचा डबा मुद्दाम रांगेत मागे सारायचा. "वहिनी, तुमचा नंबर शेवटी. घाई न्हाय ना?" आणि डोळे मिचकावायचा. मॅडमचा फोन आलाच, तर मनमाया उठून फोन भिंतीला टेकवून धरायची. पलीकडे गिरणी घरघरत असायची. "नंबर नाय आला, मॅडम," ती ओरडून सांगायची आणि परत पुस्तकावर बोट ठेवायची.

तिसऱ्या-चौथ्या बुधवारी तिने मला खरं काय ते सांगितलं. तिची मुलगी, अकरा वर्षांची, गावी आजीजवळ होती. आजीची नजर गेली होती. चुलीचा विस्तव दिसायचा नाही. त्यामुळे मुलीची शाळा सुटायला आली होती, ती आजीला सांभाळायची. मनमायाला वैशाखात, त्यांच्याकडे शाळा सुरू होतात तेव्हा, घरी पोचायचं होतं. पण दोघांचेही नागरिकत्वाचे कागद मॅडमनी कामावर ठेवताना पोलिसात दाखवायला म्हणून घेतले होते. ते परत दिले नव्हते. कागदाशिवाय सीमेवर अडवतात, आणि मुलीचं नाव शाळेत घालायचं तर आईचा अस्सल कागद लागतो, फोटो चालत नाही.

"मग मागितलेस का नाही?"

"तीन साल मागते, दिदी. मॅडम बोलते, मुंबईच्या कपाटात हाय, पुढच्या टाइमला आणते." मग बोटं मोजत सांगायला लागली. "मे महिना जाऊ दे, बोलते. मग पाऊस येते. पावसात बंगला कोण बघणार, बोलते."

त्या बंगल्याच्या फाटकाला कधी कुलूप नसायचं. कुलूप त्या मुंबईच्या कपाटाला होतं, असं आम्ही दोघी समजत होतो.

तोंडाने मागितलं की मॅडम 'हो हो' म्हणतात आणि फोनवर बोलायला लागतात, म्हणून मनमायाला लेखी अर्ज द्यायचा होता, आणि तो मराठीत. "हिंदीत बोलते तर ऐकत नाय. लिहिलं तर वाचेल." मला ते पटलं. शाळेचं पत्रलेखनाचं पुस्तक काढून दिलं. तिने त्यावरून अर्ज उतरवला. विषय : माझे कागद परत मिळण्याबाबत. 'मिळण्याबाबत' मधला मि तिने दीर्घ काढला होता. 'विनंती'ऐवजी 'बिन्ती' लिहिलं होतं, त्यांच्याकडे तसंच लिहितात. मी लाल पेनाने दुरुस्त केलं आणि म्हटलं, "पुढच्या बुधवारी पुन्हा लिहून आण."

आता खरं सांगायचं ते हेच. पुढच्या बुधवारी मी काना काढला. त्याच्या पुढच्या बुधवारी समास सोडायला सांगितला. मग म्हटलं, तारीख उजवीकडे हवी. चार बुधवार मी त्या दहा ओळी तपासत बसले. ती बिचारी मान डोलावून पुन्हा लिहून आणायची, अक्षर दर वेळी आणखी गोल. तिला वाटत होतं, दिदी शिकवते. आणि दिदीची पाचावर धारण बसली होती. कारण आमच्या छतावरचे दोन्ही पंखे त्या बंगल्याकडून आलेले. नानांना मी आडून विचारलं होतं, तर ते सुपारी कातरत म्हणाले, "बाई, बंगलेवाल्यांशी आपलं वाकडं नको. ती माणसं काय, आज हायेत उद्या न्हाईत. आपल्याला इथंच राहायचंय." इथंच राहायचंय! हे दोन शब्द इतकी वर्षं माझ्या मानेवर बसलेत. मला या खुर्चीचा वीट आला होता, आणि तीच खुर्ची जाईल म्हणून मी घाबरत होते. असं असतं माणसाचं.

पाचव्या बुधवारी अर्जात काढायला चूकच उरली नाही. मनमाया खूश होती. अर्ज माझ्या टेबलावर होता, आता पाकीट शोधायचं बाकी होतं, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. गुरुवारी कसलीशी सुट्टी होती, त्यामुळे मॅडम आधीच गावाला आल्या होत्या. मनमायाने आवाज ओळखला. क्षणात ती उठली आणि तेलुगू पुस्तकांच्या कपाटाआड गेली.

मॅडम पेट्यांवरून पाय टाकत आत आल्या. बाई वाईट नव्हत्या, आजही म्हणणार नाही. घरसजावटीच्या जुन्या मासिकांचं खोकं आणलं होतं. "घ्या, तुमच्या वाचकांना," म्हणाल्या, घाम पुसला, पंख्याकडे बघितलं. आणि सहज विचारलं, "आमची मनमाया इथे येते का हो? गिरणीत दीड-दीड तास लागतो म्हणते. कॅमेऱ्यात दिसतं ना मला."

अर्ज माझ्या कोपराखाली होता. मॅडम समोर. मनमाया कपाटाआड. देवाने आणखी काय करून द्यायचं? नुसतं कोपर उचलायचं होतं.

"छे हो," मी म्हटलं. "वाचायला इथे कोण येतंय! तशी कोणी बाई आमच्याकडे सभासद नाही."

मॅडम गेल्या. गिरणी चालू होती, पेन्सिल टेबलावरून सरकत होती. मनमाया बाहेर आली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, रडेल. ती म्हणाली, "बरं केलं दिदी. नायतर ओरडली असती." आणि मग, हळूच, "माझं नाव काढलं काय तुमी?"

"नाही गं. तसं आपलं म्हटलं."

"बघू?"

मी रजिस्टर उघडून दिलं. तिने बोट फिरवत आपलं नाव शोधलं, ते होतं तिथेच होतं, त्यावर बोट ठेवून तिने ते वाचलं. मग डबा घेऊन गेली. अर्ज माझ्याकडेच राहिला.

त्यानंतर दोन बुधवार ती आली नाही. दळण घेऊन भीम यायचा. महादू म्हणाला, "बंगल्यावर पाव्हणे हायेत. बाईनं भायेर पडायचं न्हाय, असं सांगितलंय." उन्हाळा असा पेटला होता की कपाटांची दारं हाताला लागत नव्हती. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. घरी यजमानांवर उगाच डाफरायची. ताटावर बसले की त्या मुलीच्या चुलीचा विस्तव डोळ्यांपुढे यायचा, मी कधी न पाहिलेल्या मुलीचा. दुसऱ्या बुधवारी भीमला विचारलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "बूढी आमा आंगनमें गिर गयी, दिदी. छोरीने स्कूल छोड दिया." आमा म्हणजे आई, छोरी म्हणजे मुलगी.

मी शनिवारी सकाळी अर्ज पदरात धरून निघाले. इतक्या वर्षांत त्या आळीत पाऊल टाकलं नव्हतं. दोन्ही बाजूंना उंच भिंती, मधून एक गाडी जाईल एवढा रस्ता, आणि पलीकडून समुद्राचा नुसता आवाज. म्हटलं, परत फिरलीस तर जन्मभर स्वतःचं तोंड बघवणार नाही तुला.

फाटक उघडंच होतं. मनमाया अंगणात मॅडमची पांढरी गाडी पुसत होती. मला बघून तिच्या हातातलं फडकं थांबलं. व्हरांड्यात मॅडम चहा घेत होत्या.

"या या! मासिकं आवडली का?"

"मी त्या दिवशी खोटं बोलले," मी म्हटलं. "ही आमची सभासद आहे. दर बुधवारी येते. मी घाबरले म्हणून नाही म्हटलं."

मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. मॅडमनी कप खाली ठेवला. "अहो, मग त्यात काय एवढं? वाचू दे की! चांगलंच आहे."

चार बुधवारांची, दोन पंख्यांची, इतक्या वर्षांची माझी भीती अशी एका घोटात संपली. राग आला मला, त्यांचा नाही, माझा. मी अर्ज मनमायाच्या हातात दिला. "वाच."

ती गाडीला टेकून उभी राहिली. ओल्या बोटांनी कागद धरला आणि शाळेतल्या मुलीसारखं खणखणीत वाचलं. "माननीय मॅडम यांस. विषय, माझे कागद परत मिळण्याबाबत. मी चार वर्षांपासून आपल्याकडे काम करते. माझी आई आंधळी झाली आहे. माझी मुलगी लहान आहे. मला घरी जायचे आहे. तरी माझे व माझ्या नवऱ्याचे कागद परत द्यावेत, ही नम्र विनंती. आपली विश्वासू, मनमाया."

"कागद?" मॅडम गोंधळल्या. "अगं, ते मुंबईच्या कपाटात... नाही, थांब." त्या पायऱ्या उतरून आल्या, गाडीचं दार उघडलं, पुढच्या सीटसमोरचा कप्पा ओढला. आतून टोलच्या पावत्या निघाल्या, उन्हाचं क्रीम निघालं, एक तुटका चष्मा, आणि तळाला निळी प्लॅस्टिकची पिशवी. त्यात दोघांचे कागद होते, घडीसुद्धा न मोडलेले.

"बघ! तू पहिल्यांदा मागितलेस ना, तेव्हाच मी आणून ठेवले होते गाडीत. विसरलेच!" मॅडम अगदी मनापासून हसल्या. "अगं, दर शनिवारी गाडी पुसतेस, एकदा कप्पा उघडून बघायचास तरी!"

मनमायाने हात ओढणीला पुसून कोरडे केले, मगच पिशवी घेतली.

"तुमचा कप्पा मी कसा उघडणार, मॅडम?" ती म्हणाली.

मंगळवारच्या पनवेल गाडीने दोघं गेली. मी मात्र अजून त्या अंगणातच उभी असते. तीन वर्षं ते कागद दर शनिवारी तिच्या दारात येत होते. आणि रविवारी संध्याकाळी मॅडम निघाल्या की फाटक उघडून गाडीला वाट करून द्यायची, ते काम मनमायाचंच होतं.